‘सबुरी’
सबुरी : मूळ अरबी ‘सब्र’. इथे नुसता सोसण्याचा अर्थ नाही. हक्क हाती असूनही तो लगेच न बजावणे, असा आहे. उदाहरण श्रीपूरचे (ता. माळशिरस, जि. सोलापूर), म्हणजे चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याने नावारूपाला आलेल्या गावचे. ऊसबिलासाठी थांबणारा तिथला शेतकरी आपले येणे सोडत नसतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे देणे कोणत्याही कारखान्याला बंधनकारक आहे. पुढे वार्षिक १५ टक्के व्याज लागते. शेतकऱ्याच्या थांबण्याला माफी किंवा दुबळेपणा समजणे मला अन्यायाचे वाटते. सावकारी व्यवहारातही हाच शब्द येतो : करार कायद्याच्या (१८७२) कलम १३७ नुसार, वेगळे ठरले नसेल तर, धनकोने दाव्याला सबुरी दाखवली म्हणून जामीनदार सुटत नाही.