तबूकचे स्थानक आणि मोजायचे दिवस

तबूकमध्ये पाऊस ही बातमी असते. वर्षभरात पडतो तो थोडासाच, आणि तोही हिवाळ्यात. जानेवारी २०१३ मध्ये इथे पूर आला होता, त्याची आठवण लोक अजून काढतात. मग इथे राहणाऱ्या मराठी माणसाला पावसाळ्यातल्या तब्येतीबद्दल काय सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. पण आपली गंमत अशी की आपण पावसाळा तिकीट काढून गाठतो. मुलांच्या शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात पडते, आणि इथला उन्हाळा म्हणजे गावाकडचे आषाढ-श्रावण. कोरड्या वाळवंटातून आपण थेट चिखलात, डासांत आणि आजीच्या हातच्या भज्यांत उतरतो. महिनाभराने परततो तेव्हा सामानात लोणचे, पापड असतात. कधी कधी आजारही असतो.

या सामानाची तपासणी एके काळी तबूकमध्येच होत असे. शहरात जुन्या हिजाझ रेल्वेचे स्थानक जपून ठेवले आहे. सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या कारकिर्दीत १९०० साली दमास्कसहून या रेल्वेचे काम सुरू झाले. रूळ १९०६ मध्ये तबूकला आणि १९०८ मध्ये मदिनेला पोहोचले. त्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातलेही होते. हजहून उत्तरेला परतणाऱ्या यात्रेकरूंसाठी तबूकला क्वारंटाइनची सोय केली होती. गाडी थांबे, माणसे उतरत, डॉक्टर पाहत, आणि ठरलेले दिवस सरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. ‘क्वारंटाइन’ हा शब्दच मुळी इटालियन ‘चाळीस’वरून आला आहे. सगळी युक्ती दिवस मोजण्याची. रोग अंगात असेल तर इतक्या दिवसांत बाहेर पडेल. नाही पडला तर माणूस मोकळा.

ही भीती आली कुठून? उत्तर आपल्याला अवघडवणारे आहे. १८६५ च्या हजमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. सुमारे ९०,००० यात्रेकरूंपैकी १५,००० दगावले, असा तेव्हाचा अंदाज होता. तिथून आगबोटींबरोबर साथ इजिप्तला आणि पुढे युरोपात पसरली. १८६६ मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि बोट हिंदुस्थानाकडे वळले. हिंदुस्थानातून हजला जाण्याचे मोठे बंदर मुंबई. कोकणातले मराठी-कोकणी बोलणारे मुसलमान इथूनच बोटीत चढत. त्यांच्या वाटेवर तबूक सहसा येत नसे, कारण त्यांची वाट समुद्राची. त्यांच्यासाठी तांबड्या समुद्रात येमेनजवळ कामरान नावाचे बेट होते. १८८२ पासून तिथे बोटी थांबवून यात्रेकरूंना उतरवत, कपडे वाफेच्या भट्टीत घालत आणि दिवस मोजत. उन्हात, गर्दीत आणि अपमानात काढलेल्या या दिवसांबद्दल यात्रेकरूंच्या तक्रारी कायम असत.

मग १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. १८९७ साली सरकारने मुंबईहून यात्रेकरूंची वाहतूकच बंद केली. त्याच वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. एका शहरातून एकाच वेळी रोगाची धास्ती आणि रोगावरचा उपाय, दोन्ही बाहेर पडले.

या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना तबूकपासून फार लांब घडलेली नाही. तबूक प्रांताच्या किनाऱ्यासमोर, अकाबाच्या आखातापलीकडे, सिनाई आहे. सिनाईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अल-तूर इथल्या क्वारंटाइन केंद्रात १९०५ मध्ये, पटकीची लक्षणे नसताना मरण पावलेल्या यात्रेकरूंच्या आतड्यांत पटकीसारखा जंतू सापडला. त्याचे नाव पडले ‘एल तोर’. १९६१ मध्ये इंडोनेशियातून निघालेली पटकीची जागतिक साथ याच जंतूची. म्हणजे पहारा होता, डॉक्टर होते, दिवस मोजले जात होते, आणि तरीही वरून न दिसणारा जंतू माणसात होताच.

आता आपल्याकडे या. मुंबईहून जेद्दापर्यंत विमानाला साधारण पाच तास लागतात, पुढे तबूकला आणखी दोनेक तास. कामरान नाही, वाफेची भट्टी नाही. तुम्ही म्हणाल, आपली मेडिकल झाली होती की! झाली होती, पण ती कशासाठी? नोकरीच्या व्हिसाआधी छातीचा एक्सरे काढतात, रक्तात एचआयव्ही, कावीळ बी आणि सी पाहतात, हिवतापाचे जंतूही तपासतात. ही तपासणी माणसाला देशात घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी असते. कामरानच्या तपासणीचीच ती नात आहे. दरवर्षी सुट्टीहून परतताना ती होत नाही. तेव्हा दिवस मोजायचे काम आता तुमच्या-माझ्याकडे आले आहे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चिपळूणहून परतलो आणि सोळाव्या दिवशी मुलाला ताप भरला. थंडी वाजे, घाम येई, ताप उतरे, एक दिवस बरा जाई आणि पुन्हा तेच. डॉक्टरांनी घसा पाहिला, औषध दिले. तबूकमध्ये हिवताप कोणाच्या मनात येत नाही, त्यांच्याही आला नाही. दुसऱ्या खेपेला बायको म्हणाली, “आम्ही महिनाभर पावसात गावी होतो.” डॉक्टरांनी लिहिणे थांबवून वर पाहिले आणि लगेच रक्ताची काच करायला सांगितली. हिवतापच निघाला. मुलगा बरा झाला, पण ते एक वाक्य पहिल्याच दिवशी मी का बोललो नाही, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

म्हणून दिवस लक्षात ठेवा. डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत दिसतो. साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो बहुधा पाच ते चौदा दिवसांत, क्वचित महिन्याने. टायफॉइड एक ते चार आठवड्यांत. पाण्यातून होणारी कावीळ पंधरा ते पन्नास दिवसांत. हिवताप बहुधा एक ते चार आठवड्यांत. पण त्याचा एक प्रकार यकृतात दडून महिन्यांनीही उठतो. परतल्यावर ताप आला तर ‘कुठे, कधी, किती दिवस होतो’ हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा. आणि डेंग्यूची शंका फिटेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका.

जाण्याआधीही थोडे करता येते. टायफॉइड आणि कावीळ ए यांच्या लसींबद्दल महिनाभर आधी विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मागोमाग मुंबईत लेप्टो वाढला, हे विसरू नका. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. आपल्यातले बरेच जण सुट्टीतच पुण्या-मुंबईत संपूर्ण तपासणी उरकतात, तीही बहुधा परतीच्या आदल्या आठवड्यात. तोवर एखादा ताप येऊन गेलेला असतो. तापात साखर वाढलेली दिसू शकते, यकृताचे आकडे बदलतात, प्लेटलेट उतरतात, आणि मग नसलेल्या रोगाची काळजी घेऊन माणूस विमानात बसतो. तपासणी पहिल्याच आठवड्यात करा. काही निघाले तर त्याच डॉक्टरांना पुन्हा भेटायला दिवस उरतात.

पुढच्या वेळी तबूकच्या जुन्या स्थानकावर मुलांना घेऊन जाल, तेव्हा ती गाड्यांकडे धावतील. धावू द्या. मग त्यांना सांगा की इथे माणसांना अडवून दिवस मोजत असत. आणि घरी आल्यावर, परतीच्या तारखेपुढचे दोन महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवा.