साखळी कैद्याच्या हाती

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवर कुत्र्याशी बोलायला तीन शब्द पुरतात. बोलवायचं तर ‘यू यू’, हाकलायचं तर ‘हाड’, कुणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’. शिकवायचा शब्द त्यात नाही. शहरातल्या फ्लॅटमधला कुत्रासुद्धा ‘बस’ म्हटल्यावर बघत राहतो आणि ‘सिट’ म्हटल्यावर बसतो. धनगराचा कुत्रा मेंढरं राखतो, पण ते तो थोरल्या कुत्र्यामागं हिंडून शिकतो. त्याची शाळा कोणी घेतलेली नसते.

त्यामुळं तुरुंगातल्या कैद्यांनी बेवारस कुत्री शिकवायची आणि ती शहाणी झाली की लोकांनी दत्तक न्यायची, हे ऐकलं की बीडचा माणूस आधी हसतो. फॉरेनचं खूळ, म्हणतो. निम्मं त्याचं खरं आहे. उरलेल्या निम्म्याचा पत्ता मात्र आटपाडीचा आहे.

आधी फॉरेनचं सांगून टाकू. १९२४ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या ‘इस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी’ या जुन्या तुरुंगात पेप नावाचा कुत्रा दाखल झाला. त्याला रीतसर कैदी क्रमांक मिळाला, सी-२५५९. नंबराची पाटी लावून त्याचा फोटोही निघाला. गव्हर्नर गिफर्ड पिंशो यांच्या पत्नीची मांजर मारली म्हणून त्याला जन्मठेप झाली, अशी कथा वर्तमानपत्रांनी रंगवली. खरं एवढंच होतं की कैद्यांना विरंगुळा म्हणून पिंशोंनीच तो देऊन टाकला होता. कैद्यांचा लाडका झाला, पण त्याला कोणी काही शिकवलं नाही आणि त्याच्यापासून कोणी काही शिकावं अशी सरकारची अपेक्षाही नव्हती.

असे लाडके आपल्याकडच्या तुरुंगांतही होते. १९३२ साली येरवड्यात गांधीजी, वल्लभभाई आणि महादेवभाई एकत्र होते, तेव्हा त्यांच्या अंगणात एका मांजरीचा आणि तिच्या पिल्लांचा राबता होता. गांधीजींनी त्या मांजरीच्या आईपणावर आश्रमातल्या मुलांना पत्रातून लिहिलं. साम्राज्याला घाम फोडणारा माणूस मांजर पिल्लांना कसं वागवते ते टिपत बसला होता, हे वाचायला आजही मजा येते. पण तीही ओळख तिथंच थांबली.

खरं वळण आलं १९७५ मध्ये, तेही एका चिमणीमुळं. अमेरिकेच्या ओहायो राज्यात लिमा इथं गुन्हेगार मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ होतं. तिथल्या रुग्णांनी एक जखमी चिमणी लपवून वॉर्डात आणली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं तिच्यासाठी किडे पकडायला एकत्र यायला लागली. डेव्हिड ली या समाजसेवकाच्या ते नजरेत भरलं. त्यानं रीतसर परवानगी काढून वॉर्डात प्राणी आणवले. जनावरं असलेल्या वॉर्डात मारामाऱ्या कमी झाल्या, औषधंही कमी लागू लागली.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९८१ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या पर्डी इथल्या महिला तुरुंगात कुत्री पोचली. त्यामागं होत्या पॉलीन क्विन. लहानपणी घरातून पळालेल्या, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत ढकलल्या गेलेल्या या बाईंना एका जर्मन शेफर्ड कुत्रीनं माणसात आणलं होतं. पुढं त्या जोगीण झाल्या. पशुवैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख लिओ बस्टॅड यांचं पाठबळ मिळालं आणि पांजरपोळासारख्या निवाऱ्यांत मरणाची वाट बघणारी कुत्री कैदी बायकांच्या हवाली झाली. त्यांनी ती शिकवून अपंगांच्या मदतीला आणि घरांना द्यायची. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगांत ‘पपीज बिहाइंड बार्स’ ही संस्था आली, आणि मग ही पद्धत त्या देशात गावोगावच्या तुरुंगांत पसरली.

काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. निवाऱ्यातून आलेलं कुत्रं पहिले काही दिवस कोठडीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतं. हात वर गेला की ते डोळे मिटून घेतं, कारण वर गेलेला हात म्हणजे दगड, एवढंच त्याला ठाऊक असतं. कैद्यानं काय करायचं? काही नाही. जमिनीवर बसायचं, त्याच्याकडं पाठ करायची आणि उघड्या तळहातावर खाणं ठेवून वाट बघायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कधीतरी थंडगार ओलं नाक तळव्याला लागतं, तिथून शाळा सुरू होते. मग बसणं, थांबणं, साखळी न ओढता बाजूनं चालणं, दारातून माणसाच्या मागून जाणं. कुत्रं कोठडीतच झोपतं. आठवड्यातून एकदा बाहेरचा प्रशिक्षक येतो आणि चुका सांगतो. कैद्यानं आवाज चढवला की आठवड्याची मेहनत पाण्यात जाते, म्हणून आयुष्यभर आवाज चढवत आलेला माणूस तो खाली आणायला शिकतो. दोन-तीन महिन्यांनी कुत्रं तयार होतं आणि कुणाच्या तरी घरी जातं. ज्यानं शिकवलं तो आतच राहतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट कुत्र्याची नाहीच. शिक्षा झालेल्या माणसावर जबाबदारी टाकायची आणि त्याच्या पाठीशी पहारेकरी उभा करायचा नाही, ही ती गोष्ट. आणि ती पर्डीच्या आधी ४२ वर्षं, १९३९ मध्ये, आपल्या माणदेशात सुरू झाली होती.

औंध म्हणजे ७२ गावांचं चिमुकलं संस्थान. राजा भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे भोक्ते, चित्रकार, कीर्तनकार. गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. राजपुत्र आप्पासाहेब पंतांच्या ओळखीनं त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनियर औंधला आला. म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना चालवणारा हा माणूस सूट-बूट सोडून भगवी वस्त्रं घालायचा, भारतानंद म्हणवून घ्यायचा, चरख्यात सुधारणा करायचा. (पुढं मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत जगापुढं आणली, तीही यानंच.) कैद्यांना भिंतीत कोंडण्याऐवजी जमीन द्यावी, ही त्याची कल्पना. आटपाडीजवळच्या माळावर कैदी आणले गेले. भिंत नाही, तारेचं कुंपण नाही. राहायला घर, कसायला रान, आणि बायकामुलांना सोबत ठेवायची मुभा. त्या तुरुंगाला नाव दिलं स्वतंत्रपूर!

माणदेश म्हणजे बीडच्या आष्टी-पाटोद्यासारखाच पावसानं तोंड फिरवलेला मुलूख. अशा माळावर पीक काढणं सुट्या माणसाला जड, तिथं कैद्याला काढायला सांगितलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. राजा गेला, तुरुंग राहिला. स्वतंत्रपूर आजही राज्याच्या कारागृह विभागात आहे. क्षमता इन-मिन तीसच्या आत.

जगाला तो माहीत झाला व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळं. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, आणि ते मूळचे औंध संस्थानातलेच. शेटफळ-माडगुळ्याचा मुलगा, शाळेला आटपाडीत आणि औंधात. कानावर आलेली गोष्ट त्यांनी पडद्यापर्यंत नेली. सहा खुनी आणि एक जेलर, नुसत्या विश्वासावर पडीक रान हिरवं करतात. १९५७ चा हा चित्रपट राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन आला, पुढच्या वर्षी बर्लिनहून रौप्य अस्वल. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात शांतारामबापूंचा डोळा जायची वेळ आली होती, हे लोकांच्या जास्त लक्षात आहे. आटपाडी कमी लक्षात आहे.

बीडच्या माणसाला यातलं काही तेव्हा लागू नव्हतं. स्वतंत्रपूर उभं राहिलं तेव्हा बीड निजामाच्या मुलखात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. चित्रपट त्यानंतर वर्षभरात. पुढं खुलं कारागृह मराठवाड्याच्याही वाट्याला आलं, तेही बीडच्या शेजारी: पैठणला. गोदावरी पैठण सोडून थोडी पुढं गेली की तिचा दक्षिण काठ बीड जिल्ह्याचा, गेवराई तालुक्याचा. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला तिथं शेतीचं काम आणि शिक्षेत जास्तीची माफी मिळते. १९९६ मध्ये राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खुली कारागृहं वाढवा असं सांगितलं. आपल्याकडं ती शहाण्यासारखी चालतात आणि वर्तमानपत्रात येत नाहीत. येते ती बंद तुरुंगातली गर्दी.

आता कुत्र्यांकडं. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लऊळ एकदम जगाच्या बातम्यांत आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, माळवदांवर नेत होती आणि पिल्लं उपाशी किंवा खाली पडून मरत होती. ‘वानरांचा सूड’, अडीचशे कुत्री मेली, असा आकडा देशोदेशी फिरला. वनविभागानं दोन वानरं पकडली आणि विषय मिटला. त्या गोंधळात जगणाऱ्या कुत्र्यांचं पुढं काय, हे कुणी विचारलं नाही.

जिल्ह्यात जनावरांना जीव लावणारे नाहीत असं मुळीच नाही. शिरूर कासार तालुक्यात तागडगावचं ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र जखमी हरणं, मोर, साप यांना बरं करून पुन्हा रानात सोडतं. त्याच तालुक्यातले दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना गायी-बैल सांभाळण्याबद्दल २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. वडिलांचा धंदा खाटकाचा होता, तो वडिलांनीच सोडला. शब्बीरभाई शेतकऱ्याला बैल देतात तो अट घालून: खाटकाला विकायचा नाही, थकला की आणून परत बांधायचा. दत्तक देण्याघेण्याचा याहून सरळ करारनामा कुठल्या परदेशी संस्थेला लिहिता आलेला नाही. पण हे बैलाचं झालं. बैलाला राबवता येतं, म्हणून त्याला किंमत आहे. गावठी कुत्र्याचा हिशेब वेगळा. दिवाळीनंतर मजूर कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात तेव्हा एखादं कुत्रं गाडीखालच्या सावलीतून चालत कारखान्यावरच्या कोपीपर्यंत जातं. बाकीची ओस पडलेल्या वस्तीवर राहतात.

सरकारी नियम इतकी वर्षं एकच सांगत होते: पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथं सोडा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका, असा आदेश दिला. त्यावर वाद पुष्कळ झाले. पण निवाऱ्यात गेलेलं कुत्रं बाहेर यायला एकच दार उरतं, कुणीतरी घरी नेण्याचं. आणि रस्त्यावर दगड खाल्लेलं कुत्रं कुणी तसंच घरी नेत नाही. आधी कुणीतरी त्याच्याकडं पाठ करून, तळहात उघडा ठेवून, दोन-तीन महिने बसावं लागतं. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याला तेवढी उसंत कुठली?

पैठणला उसंत आहे, जागा आहे आणि कुंपणाशिवाय माणसं सांभाळायचा अनुभव आहे. कारागृह विभागानं एक पशुवैद्य आणि एक प्रशिक्षक द्यावा. पहिली दहा कुत्री गेवराईनं पाठवावीत.