अनुवादयंत्राची सत्तर वर्षे
७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या संगणकाने साठाहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणली. भांडवल अवघे २५० शब्द आणि ६ नियम! तीन ते पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल, असे तेव्हा सांगितले गेले. १९६६ मध्ये अमेरिकी समितीच्या अहवालाने त्या आशेवर पाणी ओतले. सरकारी पैसा आटला. पुढे नियमांची घोकंपट्टी मागे पडली आणि यंत्र माणसांनी केलेल्या अनुवादांवरून शिकू लागले. २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारची ‘भाषिणी’ आली.

माझ्या शाळेतली मुले घरी मराठी, बाजारात कन्नड बोलतात. त्यांची ही ये-जा कागदावर क्वचितच उतरते. यंत्राचे पाठ्यपुस्तक म्हणजे लिहिलेला मजकूर. आपण लिहिले नाही, तर उद्याच्या यंत्राला सीमाभागाची बोली परकीच राहील.