गोधडीचा जमाखर्च

मुळा-मुठेच्या काठावरील मांजरीसारख्या गावाचा इतिहास कोणी लिहावयास बसला, तर त्याला साधनांची वाण पडणार नाही. जमिनीची दप्तरे आहेत, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गाची हकीकत आहे, 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत सामील झाल्याचा सरकारी हुकूम आहे. गावातील माणसे थंडीच्या दिवसांत काय पांघरून निजत, याला मात्र कागदाचा आधार नाही. जी वस्तू वापरून वापरून शेवटी पोतेरे होऊन संपते, ती संग्रहालयापर्यंत सहसा पोहोचत नाही.

ही वस्तू म्हणजे गोधडी. सातारा-कोल्हापुराकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी शिवली की तिचे दुपटे होते. शेतीची कामे उरकली की पाऊस लागण्यापूर्वी, उन्हाळ्यात, गोधड्या शिवावयास काढीत. सारवलेल्या जमिनीवर जुने नऊवारी लुगडे पसरायचे; त्यावर धोतराची पाने, सदऱ्यांच्या पाठी, परकर, शिंप्याकडच्या चिंध्या हाती येतील तशा लावायच्या; वर दुसरे लुगडे घालायचे. मग कडेपासून धावदोरा घालीत, चौकटीत चौकट करीत मध्याकडे सरकायचे. आराखडा असा नसतोच. सदऱ्याची पाठ लांब, बाही आखूड. कोपऱ्याशी कापड कमी पडले तर तेथे दुसरा रंग येतो, आणि तो एकटा दिसू नये म्हणून समोरच्या कोपऱ्यातही त्याच रंगाचे ठिगळ बसते. विरलेले कापड आत, टिकाऊ बाहेर. पुढे वरचे लुगडे फाटले की त्यावर नवे ठिगळ, आणि तेही गेले की गोधडीच दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. घटस्थापनेपूर्वी घरातल्या साऱ्या गोधड्या नदीवर धुवावयास नेण्याची रीत होती. आज मुळा-मुठेच्या पाण्यात गोधडी बुडवण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही!

आता जमाखर्चाकडे वळू. मुंबईच्या कामगार खात्याने 1932-33 साली गिरणगावातील कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. अन्नावर शेकडा 46.60, भाड्यावर 12.81, कपड्यांवर 7.75, अशी तिची आकडेवारी आहे. त्याच कोष्टकात अंथरूण-पांघरूण आणि घरगुती चीजवस्तू असे एक स्वतंत्र सदर आहे, आणि त्यापुढे आकडा आहे शेकडा 0.13! कुटुंबाचा महिन्याचा खर्च शेचाळीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे या सदरावर महिन्याकाठी जेमतेम एक आणा पडत होता. अंथरूण काही रोज विकत घ्यावे लागत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण माणसे तर रोज निजत होती, मुले दरवर्षी जन्मत होती, आणि चाळीच्या फरशीची ओल काही कमी नव्हती. ते अंथरूण आले कोठून? ते गावाहून आले. गिरणीत काम करणारा पुरुष मुंबईस, बायको-आई गावी, अशी कितीतरी घरे पुणे, सातारा, कोकण भागांत होती. गड्याच्या वळकटीत घरची गोधडी असे. मालकाने जो पगार दिला तो या वळकटीच्या भरवशावर दिला, असे माझे स्पष्ट मत आहे. पांघरुणाचा खर्च पगारात धरावा लागला नाही, कारण तो एका बाईने आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी आधीच भरलेला होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला 1890 साली यश आले आणि गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सुई धरणाऱ्या बाईच्या वाट्याला तो रविवार आला नाही. 1943 साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा तर जुन्या कापडाचा तुकडान्‌तुकडा मोलाचा झाला. फाटक्या कापडाला आपल्याकडे मान नव्हता असेही नाही. गाडगेबाबा चिंध्यांचा वेष करून हिंडत, आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

पुढे दोन गोष्टींनी गोधडीचे पोट रिकामे केले. नायलॉन आणि टेरिलीन आले. ते विरत नाही, घाम शोषत नाही आणि सुईखाली सरकते. दुसरी गोष्ट म्हणजे बोहारीण. जुन्या लुगड्याच्या बदल्यात स्टीलचे भांडे मिळू लागल्यावर ते लुगडे गोधडीत घालणे घरातल्या बाईला परवडेना. तिचा हिशेब चुकीचा नव्हता.

अमेरिकेतही असेच एक गाव आहे. अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर, गीज बेंड. मळ्यांवरच्या गुलामांच्या वंशजांची ही वस्ती. तेथील बायका शेतात झिजलेल्या विजारी-सदऱ्यांच्या तुकड्यांतून, नमुना न आखता, पांघरुणे शिवीत. 1966 साली नागरी हक्कांच्या चळवळीतून त्या भागातील बायकांनी सहकारी संस्था काढली, आणि 2002 साली गीज बेंडची पांघरुणे ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागली. भिंतीपेक्षा मला संस्थेचे कौतुक अधिक आहे.

आपल्याकडे गोधडी आता हस्तकला म्हणून दुकानात येऊ लागली आहे. शिवणारी बाई उक्त्या दराने शिवते. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची संघटना 1993 साली उभी राहिली, तेव्हा विखुरलेल्या बायकांची संघटना होत नाही हे म्हणणे मला कोणी सांगू नये. अडचण मोजमापाची आहे. दर नगावर किंवा लांबीरुंदीवर ठरला, तर दाट टाके घालणारी तोट्यात जाते आणि विरळ घालणारी फायद्यात. मागावर उक्ते काम केलेल्या विणकरास हे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून दराची बोलणी करताना टाक्यांच्या ओळी मोजाव्यात, एका वितीत किती ओळी हे ठरवून घ्यावे, आणि कापड ज्याचे त्याने आणावे की दुकानदाराने द्यावे, तेही आधी लिहून घ्यावे.