एम्प्लॉयमेंटचं कार्ड आणि जातीचा रकाना

आपल्या वस्तीतल्या जुन्या ट्रंका उघडल्या तर बाबासाहेबांचा फोटो, जातीचा दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड या तीन गोष्टी बहुतेक एकाच पिशवीत सापडतात. आमच्याही घरात ते कार्ड आहे. कडा झिजलेल्या, नूतनीकरणाचे शिक्के एकावर एक. कॉल मात्र त्यावर एकच आला, आणि तोही मुलाखतीच्या तारखेनंतर घरी पोहोचला. आजच्या तरुणांना हे कार्ड म्हणजे सरकारी भंगार वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

या कार्यालयाच्या आधी नोकरी कशी लागायची? मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबर करायचा. जॉबर आपल्या गावचा, भावकीचा, जातीचा माणूस आणायचा आणि वर दस्तुरी घ्यायचा. आपल्या माणसांना कताईत जागा मिळायची, पण विणाई खात्याचं दार बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणजे विटाळ होतो, हे कारण. पगार मात्र विणाईतच जास्त होता. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो ऐकावा लागला. मुद्दा असा, की ‘ओळख’ नावाची गोष्ट नोकरीच्या बाजारात कधीच निष्पाप नव्हती. ज्याची ओळख त्याची नोकरी, आणि आपली ओळख गावकुसाबाहेरची.

फौजेतही तेच. १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. त्या शिपायांना परत आल्यावर विचारणारं कोणतंही कार्यालय नव्हतं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्य वर्गासाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तो त्यांच्या रेट्यामुळे. आणि जुलै १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झालं. युद्धातून परतणारे शिपाई आणि युद्धकारखान्यांतून सुटणारे कामगार यांना काम शोधून देणं हा त्याचा हेतू. यातूनच देशभर एक्स्चेंजचं जाळं उभं राहिलं.

जयंतीच्या पोस्टरवर ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे जनक’ असं छापतात. छापावं, पण पूर्ण हकीकत माहीत असावी. बाबासाहेब १९४६च्या मध्यात त्या खात्यातून बाहेर पडले. ही कार्यालयं सर्व बेरोजगारांना खुली झाली १९४८ मध्ये, तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. हे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट अर्धवट माहितीवर वाद घालायला गेलं की समोरचा एका तारखेत आपल्याला गप्प करतो.

१९५६च्या नोव्हेंबरमध्ये या कार्यालयांचा कारभार राज्यांकडे आला. त्याआधी काही आठवडे, १४ ऑक्टोबरला, नागपुरात आपण धर्म बदलला होता. इथून पुढची गोष्ट आपल्या पुढाऱ्यांच्या भाषणांत फारशी येत नाही. कार्डावर जातीचा रकाना असतो. बौद्ध झालेल्या माणसाने तिथे काय लिहायचं? महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या. पण केंद्राच्या लेखी बौद्ध हे अनुसूचित जातीत मोडतच नव्हते. म्हणजे तलाठ्याच्या राखीव जागेसाठी तुम्ही चालता, पण रेल्वे, पोस्ट, संरक्षण कारखान्याच्या राखीव जागेसाठी चालत नाही. ‘हिंदू महार’ लिहिलं तर रांगेत पुढे, ‘बौद्ध’ लिहिलं तर खुल्या यादीच्या तळाशी.

कित्येकांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि दाखल्यावर हिंदू महार ठेवलं. त्यांना नावं ठेवणारे आपल्यातच पुष्कळ होते, अजून आहेत. आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. भुकेल्या घराला खोटं लिहायला लावणारा नियम कोणी केला, हे आधी विचारा. आणि ज्यांनी ‘बौद्ध’ लिहिलं त्यांनी त्या एका शब्दासाठी केंद्राची नोकरी सोडली. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने कायदा बदलला. तोवर ३४ वर्षं गेली होती. या काळात वयाची अट ओलांडून गेलेल्यांची यादी कुणीही ठेवलेली नाही.

मग हे कार्यालय चांगलं होतं का? कायद्यातच भोक होतं. १९५९चा रिक्त पदे कळवण्याचा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्राच्या जन्मदिवशीच, अमलात आला. सरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी कंपन्यांनी रिकाम्या जागा कळवायच्या. कळवायच्या, एवढंच! एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असं बंधन कुठेच नाही. त्यातून शेती, घरकाम, अकुशल कार्यालयीन काम वगळलेलं. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली. तालुक्याहून जिल्ह्याला जायचं, एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली, आणि खिडकीतून ‘उद्या या’. कुणाचं नाव कॉलच्या यादीत घालायचं हे बाबूच्या हाती, आणि बाबू कोणत्या जातीचा असायचा ते वेगळं सांगायला नको.

तरीही ती एक क्रमांकाची रांग होती. सगळा दोष मान्य करूनही, नोंदणीच्या तारखेने ठरणाऱ्या रांगेत पाटलाचा पोर आणि महाराचा पोर मागेपुढे उभे राहिले. आपला क्रमांक डावलला म्हणून भांडता यायचं, कारण क्रमांक होता. जॉबरशी कोण भांडणार?

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फक्त एक्स्चेंजच्या नावांवर भरती नको, वर्तमानपत्रात जाहिरातही द्या. तत्त्व बरोबर होतं, ज्याचं नाव यादीत नाही त्यालाही संधी मिळावी. पण पुढे एक्स्चेंजचं महत्त्वच ओसरलं, आणि राहिली ती जाहिरात, परीक्षा शुल्क, क्लासची फी. कार्यालयाची पाटी बदलली. सेवायोजन गेलं, ‘मार्गदर्शन’ आलं, मग ‘कौशल्य विकास’ आणि पोर्टल. पाटीवर आता ‘उद्योजकता’ही आहे, भांडवल नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने सरकारी कामासाठी माणसं पुरवायला ९ खासगी संस्था नेमल्या. आंदोलनं झाली, ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, पण कंत्राटी भरती थांबलेली नाही. कितीतरी कार्यालयांत, दवाखान्यांत, नगरपालिकांत तुमच्या वयाची पोरं एजन्सीमार्फत राबताहेत. तिथे बिंदुनामावली नाही, जातीचा रकाना नाही, ज्येष्ठता नाही. माणूस कसा निवडला हे विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आमच्या ओळखीतला आहे.’