अर्जातला जातीचा रकाना

अमेरिकेत घरासाठी कर्ज घ्यायचे तर बँक आधी घराचा विमा मागते. त्या विम्यात आगीबरोबर आणखी एक जोखीम येते : आपला कुत्रा पाहुण्याला चावला तर द्यायची भरपाई. म्हणून कंपनी विचारते, कुत्र्याची जात कोणती? मराठीत माणसाला आणि कुत्र्याला हा शब्द एकच, त्यामुळे मी जरा थबकलोच. उत्तर पिटबुल किंवा रॉटवायलर असले की अनेक कंपन्या विमा नाकारतात. तो कधी कुणाला चावला का, हे नंतर. मग कुत्रा तरी सोडायचा, नाहीतर घर.

गंमत अशी, की १९१५च्या एका युद्धचित्रात युरोपातले देश निरनिराळ्या कुत्र्यांच्या रूपात आहेत आणि मधोमध अमेरिका म्हणून ऐटीत बसला आहे तो पिटबुलच! पुढे वारे फिरले. डेन्व्हरमध्ये १९८६ साली एका बालकाचा बळी गेला. भीती खोटी नव्हती. १९८९ साली शहराने बंदी घातली. २०२०मध्ये मतदारांनी ती उठवून परवाना पद्धत आणली. केवळ जातीवरून घराचा विमा नाकारायला न्यूयॉर्कने २०२१ साली कायद्याने मनाई केली. एखादा कुत्रा रीतसर धोकादायक ठरला असेल, तर गोष्ट वेगळी. इतर अनेक राज्यांत मात्र तो रकाना अजून भरावा लागतो.