सकळ लिपी आणि पंधरा गुण

यवतमाळचे वकील यशवंत खुशाल देशपांडे यांनी व्यवसाय सांभाळून महानुभावांच्या पोथ्या जमवल्या, वाचल्या. पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत. पंथाबाहेरच्याला अक्षर लागत नसे. १९२५ मध्ये त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ निघाले. यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्थाही त्यांनीच उभी केली.

आता हेच काम मोजायला घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला १५ गुण, तेही आयएसबीएन असेल तर. परीक्षित नियतकालिकातल्या एका लेखालाही १५च! परीक्षणाविना छापलेल्या लेखाला, नियतकालिक ‘मान्यवर’ आणि आयएसएसएनधारी असल्यास, १०. वास्तविक आयएसएसएन हा निव्वळ नोंदणीक्रमांक. पण बढती गुणांवर अडली, तसा तो दर्जाचा दाखला होऊन बसला आणि पैसे घेऊन लेख छापणाऱ्यांचे फावले.

पुढे आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. विद्यापीठांनी तीत सुचवलेल्या नावांचा नमुना भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आदींनी तपासला. ‘करंट सायन्स’मधल्या त्यांच्या २०१८ च्या लेखानुसार ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. मग ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

सकळ लिपी शिकण्यात प्राध्यापकाचा वेळ जातो. तो भरायचा रकाना मला यांपैकी कुठल्याच तक्त्यात सापडला नाही.